त्रेपन्नावा दरवाजा

फर्दापूरच्या फाट्यावर, लेण्यांकडं जाणाऱ्या बसच्या रांगेत, कॉलेजच्या एका पोरीनं राजेंद्रला डोक्यावरची टोपी काढून दाखवायला सांगितलं. गळ्यातल्या ओळखपत्रावर तिचं नाव विशाखा असं होतं. मागं सात-आठ जणींचा घोळका, प्रत्येकीच्या हातात मोबाईल आणि वेफरची पुडी, आणि चेहऱ्यावर ते हसू, जे सहलीला आलेल्या माणसाला आपण मजेत आहोत हे दाखवायला लागतं. "सर, तुम्ही सुकेशनी मॅडमचे पप्पा ना? दुभाष्या?" तिनं विचारलं. "मी गाइड आहे," राजेंद्र म्हणाला, "जपानी भाषेचा." "तेच हो सर! पांढरी टोपी, काखेत छत्री, हात मागं. अगदी सेम. 'त्रेपन्नावा दरवाजा' आम्ही सगळ्याच वाचतो." मग ती लाडात आल्यासारखी म्हणाली, "एकदा टोपी काढा ना सर. डोक्यावर पाणी आहे का ते बघू द्या. फक्त वाकू नका, सांडेल." घोळका फिदीफिदी हसला. हे आपल्याला का म्हणतायत ते राजेंद्रला कळलं नाही, पण आपल्याला हसतायत एवढं कळलं, आणि त्यानं आयुष्यभराच्या सवयीनं हनुवटी जराशी वर उचलून समोरच्याच्या कपाळाकडं पाहिलं. या नजरेपुढं भलेभले गप्प होतात असा त्याचा अनुभव होता. पोरी गप्प झाल्या नाहीत. उलट एकीनं फोटो काढला. "काय म्हणत होती ती मुलगी?" त्याच्यासोबत आलेल्या दोन म्हाताऱ्या जपानी बहिणींपैकी थोरलीनं विचारलं. "नान्देमो नाइ देस," राजेंद्र म्हणाला. काही नाही.

एकतीस वर्षांच्या धंद्यात हे एक वाक्य त्यानं जितकं वापरलं तितकं दुसरं कुठलं नसेल. खडे विकणारी पोरं मागं लागून काय ओरडतात? काही नाही. ड्रायव्हर गाडी थांबवून कुणाच्या आईबहिणीचा उद्धार करतोय? काही नाही. कुठलासा पुढारी विहाराच्या उद्घाटनाला पाऊण तास विश्वशांतीवर बोलला, आणि समोर बसलेल्या वीस जपानी भिक्खूंना राजेंद्रनं ते तीन शब्दांत सांगितलं: आल्याबद्दल आभार मानतोय. भिक्खूंनी माना डोलावल्या, पुढारी खूश झाला, जेवणं वेळेवर झाली. माणसं बोलतात त्यात बारा आणे फोलपट असतं आणि ते पाखडून टाकणं हेच खरं भाषांतर, असं तो मानत आला होता. दोन भाषांच्या मधे उभं राहिलेल्या माणसाला दोन्हीकडचं पोकळपण दिसतं. जपान्यांबद्दल त्याला आदर होता असं लोक समजत, पण तसं काही नव्हतं. बुलेट ट्रेन चालवणारी ही माणसं खिशात कागदी ताईत घेऊन फिरतात, कोल्ह्याच्या देवळापुढं टाळ्या वाजवतात, घरातली बाहुली टाकायची तर तिचा अंत्यविधी करतात, हे त्यानं त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. आपल्या माणसांबद्दल तर बोलायलाच नको. त्याच्या वडिलांनी छप्पन साली घरातले सगळे देव टोपलीत भरून ओढ्याला नेऊन सोडले होते, त्यांच्याबरोबर मरीआई, मुंजा, हडळ, सगळंच गेलं. ज्या घरातून भुतं एकदा निघून गेली, त्या घरात जन्मल्याचा राजेंद्रला अभिमान होता. उरलेलं जग अजून टोपलीच शोधत होतं.

दुपारी तो बहिणींना हॉटेलवर सोडून भावसिंगपुऱ्यातल्या घरी आला. सुकेशनी शेंद्र्याच्या कंपनीत क्वालिटी विभागात होती, सहाच्या बसनं यायची. घरात दोघंच, बायकोला, संध्याला, जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यानं हातपाय धुतले, कोचावर बसला आणि मोबाईलवर त्या कॉलेजच्या पोरीनं सांगितलेलं नाव शोधलं. गोष्टींचं एक ॲप निघालं. बदामी रंगाच्या चित्रात एक कमान, कमानीखाली अंधुक उजेड, वर 'त्रेपन्नावा दरवाजा', खाली सुकेशनीचं नाव आणि 'वडील लेण्यांत जपानीचे गाइड' अशी ओळख. एक्केचाळीस भाग. दर रविवारी एक. वाचक अकरा हजारांवर. आपली मुलगी गेलं वर्षभर दर शनिवारी-रविवारी लॅपटॉप घेऊन बसते ते कंपनीचं काम असावं असं तो धरून चालला होता. विचारलं मात्र कधीच नव्हतं. आता त्यानं पेन्सिल आणि जुनी डायरी घेतली, आणि पहिल्या भागातल्या पहिल्या ओळीतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक डायरीत टिपून घेतली. वाचायला लागण्याआधी एवढं केलं की त्याला बरं वाटलं.

शहराला बावन्न दरवाजे होते आणि त्यातले पुष्कळ पडले, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. सुकेशनीच्या गोष्टीत त्रेपन्नावा होता, जो कुणी बांधलाच नाही, म्हणून कुणाला पाडताही आला नाही. तो दिसायला अट एकच: दिवेलागणीला माणूस दुसऱ्या कुणाची तरी वाट बघत उभा असायला हवा. मुद्दाम शोधायला निघालेल्याला तो दिसत नाही. आतलं शहर असंच, हेच रस्ते, हीच पाणचक्की, पण तिथं दिवेलागण कधी संपत नाही. जपानीत या वेळेला 'तासोगारे' म्हणतात, शब्द फोडला तर 'तो कोण?', म्हणजे समोरच्याचं तोंड ओळखू येत नाही अशी वेळ. हे तिला कधीतरी त्यानंच सांगितलं होतं. तोंडं ओळखू येत नाहीत म्हणून तिथं भेटल्याबरोबर आपण कोण ते सांगायचं, आणि हाक दोनदा मारायची, कारण माणसाचं सोंग घेतलेल्या कोल्ह्याला एक शब्द लागोपाठ दोनदा म्हणता येत नाही. कोल्हे कुठले, तर शेंद्र्याला कारखाने आले तेव्हा ज्यांची बिळं बुलडोझरखाली गेली ते. ते आता कंपनीचा निळा शर्ट घालून शिफ्टच्या बसनं जातात-येतात, आणि सुपरवायझरला कळत नाही, कारण सुपरवायझर कुणाच्या तोंडाकडं बघतच नाही. या वाक्यापाशी राजेंद्रची पेन्सिल जरा थांबली. चूक नव्हती, म्हणून तो पुढं गेला. जपानात शंभर वर्षं वापरलेल्या वस्तूला जीव येतो असं मानतात. सुकेशनीनं शंभराचे दहा केले होते, कारण इथं कुणी काही शंभर वर्षं ठेवत नाही. तिच्या शहरात भंगारात गेलेल्या शिलाई मशिनी, मिक्सर, एका डोळ्याच्या छत्र्या हिंडत होत्या, आणि उन्हाळा आला की जुने कूलर आपापल्या घरांसमोर येऊन मुकाट उभे राहत होते. "कूलरला पाय," राजेंद्र रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणाला.

प्रत्येक भागाखाली वाचकांच्या प्रतिक्रिया होत्या आणि त्या त्यानं मुद्दाम वाचल्या. 'अंगावर काटा आला', 'ताई तुम्ही ग्रेट आहात', 'माझ्या आज्जीचा कूलर आठवला, रडले'. लातूरची कुणी, जालन्याची कुणी, एक पुण्यातला इंजिनियर, जो दर भागाखाली आपल्याला आधीच कळलं होतं असं लिहायचा. या अकरा हजार माणसांना उद्योग नाहीत याची राजेंद्रला खात्री पटली. ज्यांनी आयुष्यात एक पानभर इतिहास वाचला नसेल, ते जपानी भुतांच्या नगरपालिकेचे नियम पाठ करून बसले होते. कोण काय खाऊ शकतो, कुणाला कुठल्या पुलावरून जाता येतं, यावर वाद घालत होते. आणि हे सगळं त्याच्या घरातून निघालं होतं! सुकेशनी आठ-नऊ वर्षांची असताना जेवायला बसलं की तो दिवसभराच्या पाहुण्यांची टर उडवायचा. एवढ्या मोटारी बनवणारी माणसं, आणि बघ कशाला भितात, म्हणून तो कोल्ह्याची, छत्रीची, नदीतल्या प्राण्याची गोष्ट सांगायचा. संध्या भाकरी थापता थापता हसायची, पोरगी घास हातात धरून ऐकायची. त्याला वाटायचं ती आपल्याबरोबर हसतेय. पोरीनं त्यातलं हसू तेवढं ताटाबाहेर काढून ठेवलं होतं, आणि गोष्टी खाल्ल्या होत्या.

चौथ्या भागात दुभाष्या आला. जपानी नद्यांमधे एक प्राणी असतो म्हणतात, पाठ कासवाची, माथ्यावर खळगा, खळग्यात पाणी. पाणी आहे तोवर अंगात हत्तीचं बळ. पण तो फार रीतीचा, कुणी वाकून नमस्कार केला की त्याला उलट वाकावंच लागतं, पाणी सांडतं आणि तो जागच्या जागी थिजतो. सुकेशनीचा दुभाष्या या जातीचा होता, फक्त हुशार. त्यानं वाकायचंच सोडून दिलं होतं. पांढऱ्या टोपीखाली पाणी झाकून, हात मागं बांधून, तो दरवाज्यात उभा राहायचा आणि येणाऱ्याच्या कपाळाकडं बघून बोलायचा. 'त्याला कुणीच मान देण्याजोगं वाटत नव्हतं,' तिनं लिहिलं होतं, 'आणि म्हणूनच तो इतकी वर्षं जिवंत होता.' राजेंद्रनं हे दोनदा वाचलं. टोपी समोर खुंटीला होती. त्याला राग आला, पण रागाच्याही आधी एक विचित्र गोष्ट झाली: आपण काखेत छत्री कशी धरतो हे कुणीतरी इतकं नीट पाहिलेलं आहे, याचं त्याला अप्रूप वाटलं. मग त्या अप्रूपाचीच चीड आली. सहाला सुकेशनी आली, डबा मोरीत ठेवला, म्हणाली, "पप्पा, आज किती जण होते?" तो म्हणाला, "दोघी." ती म्हणाली, "कशा होत्या?" तो म्हणाला, "जशा असतात." त्या घरात एवढंच बोलणं पुरायचं.

पुढचे दोन दिवस तो वाचत राहिला. शुक्रवारी गुडघ्याचं कारण सांगून त्यानं एक ग्रुपही दुसऱ्या गाइडला देऊन टाकला. दुभाष्याचं काम कशासाठी, तर त्या शहरातल्यांची भाषा वेगळी होती आणि नव्यानं आलेल्याचं म्हणणं त्यांच्यापर्यंत त्यानंच न्यायचं होतं. आलेला माणूस तिथलं काहीही खाऊन बसला की तिथलाच होतो. न खाता राहिला तर परत जाऊ शकतो, पण त्याचं म्हणणं तिथल्या कुणालातरी कळावं लागतं. न कळलेल्या माणसाला दरवाजा सोडत नाही. आणि दुभाष्यानं जे सांगितलं नाही ते नाहीसं होत नाही. ते खाली नहरीत उतरतं, शहराच्या पोटातून गेलेल्या त्या जुन्या मातीच्या नळांमधे, ज्यांत आता पाणी नाही, आणि तिथं त्याला हातपाय फुटतात. या प्राण्यांना सुकेशनीनं 'राहिलेले' असं नाव दिलं होतं. ते कुणाला खात नाहीत, धरत नाहीत. कान लावला तर खालून चालल्याचा आवाज येतो एवढंच. काय हा भाबडेपणा, राजेंद्रच्या मनात आलं. न बोललेलं खरंच उरत असतं तर या शहरात पाय ठेवायला जागा राहिली नसती.

नवव्या भागात एक बाई दरवाज्यात आली. हिरवं लुगडं नव्हतं की मोकळे केस नव्हते, साधी गाउनवर ओढणी घेतलेली, हातात दवाखान्याची फाइल असलेली बाई. तिनं दुभाष्याला काहीतरी सांगितलं, बराच वेळ, हातवारे करून, छातीवर हात ठेवून. आतल्यांनी विचारलं, काय म्हणते? दुभाष्या म्हणाला, काही नाही, असंच बोलते ती. तेव्हापासून बत्तीस भाग ती बाई दरवाज्यात उभी होती. कोल्ह्यांनी पुऱ्या दिल्या, छत्रीनं पेरू आणून दिला, तिनं हात लावला नाही. प्रत्येक भागात ती तेच पुन्हा सांगायची आणि दुभाष्या तेच उत्तर द्यायचा. नहरीतला आवाज वाढत चालला होता. वाचक वेडे झाले होते: बाई काय म्हणते? ताई, सांगा ना! एक्केचाळिसाव्याखाली सुकेशनीनं लिहिलं होतं, 'पुढच्या रविवारी शेवटचा भाग. बाईचं वाक्य.' राजेंद्रनं मोबाईल कोचावर पालथा ठेवला. शनिवारची दुपार होती, बाहेर भाजीवाला ओरडत होता. त्याला एकदम पाणी पिऊन यावंसं वाटलं, पण तो उठला नाही.

संध्याचं माहेर खेड्यातलं, पिशोरचं. लग्नाला तीस वर्षं होऊनही तिच्या तोंडातलं लई, व्हय, नाय, समदं गेलं नाही, आणि राजेंद्रनं ते घालवायचा प्रयत्न पहिल्या वर्षातच सोडून दिला, जसा माणूस भिंतीवरच्या ओलीचा सोडतो. जपानी पाहुणे घरी यायचे तेव्हा ती चहा देऊन काहीतरी बोलायची, ते विचारायचे, वहिनी काय म्हणाल्या, आणि तो म्हणायचा, काही नाही. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी ती म्हणाली, बरं वाटंना. तो तिला दवाखान्यात घेऊन गेला, सुकेशनीही आली. डॉक्टर तरुण होता, दक्षिणेतून नुकताच आलेला, मराठी त्याला येत नव्हती, हिंदी बेतास बात. राजेंद्रला हे आवडलं. इंग्रजीत बोलायची संधी त्याला आवडायची. संध्या स्टुलावर बसली आणि बोलायला लागली, बरंच बोलली. तेव्हा तो काय बघत होता, तर डॉक्टरचं पेन. हिरव्या शाईचं पेन डॉक्टर लोक अजून वापरतात याचं त्याला आश्चर्य वाटलं होतं. संध्या थांबली. डॉक्टरनं त्याच्याकडं पाहिलं. राजेंद्र म्हणाला, पोटात गॅस होतो, जळजळतं. डॉक्टर म्हणाला, ती पुष्कळ बोलली, आणखी काय म्हणते? आणि राजेंद्र हसला. एका शिकलेल्या माणसानं दुसऱ्या शिकलेल्या माणसाकडं बघून हसावं तसं. पाचव्या दिवशी सकाळी संध्या ओट्यापाशी पडली आणि उठली नाही. हृदय, म्हणाले. या गोष्टीचा आणि त्या केबिनचा संबंध राजेंद्रनं कधी लावला नव्हता असं नाही. त्यानं तो एकदा लावला होता, आणि पाखडून टाकला होता.

रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपून तो घरी आला तेव्हा सुकेशनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. पडद्यावर कोरं पान होतं. त्यानं डायरी टेबलावर ठेवली. "एक्केचाळीस भागांत शुद्धलेखनाच्या दोनशे चौदा चुका," तो म्हणाला. सुकेशनीनं डायरीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. ती दचकली नाही. कधीतरी हे होणार हे तिला ठाऊक असावं. "वाचलं तुम्ही?" "वाचलं. तुझ्या आजोबांनी घरातून भुतं बाहेर काढली, आणि तू जपानहून मागवलीस. शिकलीसवरली मुलगी. लोक हसतात मला फर्दापूरला. टोपी काढा म्हणतात." "मला भुतं खरी वाटत नाहीत, पप्पा." "मग लिहितेस कशाला?" "गोष्टी तुम्हीच सांगितल्या." "मी हसायला सांगितल्या!" "मम्मी हसायची," सुकेशनी म्हणाली, "तुम्ही हसवायला सांगताय म्हणून. मी नव्हते हसत. तुम्ही बघत नव्हता."

त्याच्या तोंडाशी एक तयार उत्तर आलं होतं, चांगलं होतं, त्यात उपमाही होती. ते त्यानं गिळलं आणि समोरची खुर्ची ओढली. "ती बाई," तो म्हणाला. "तुम्हाला माहितीये ती कोण." "काय म्हणते ती?" सुकेशनीनं कोऱ्या पानाकडं पाहिलं. "अकरा हजार लोकांना आज सांगणार आहेस ना? मग मला आधी सांग. मी तिचा..." तो अडला. नवरा म्हणायचं होतं, दुभाष्या म्हणायचं होतं, दोन्ही शब्द सारखेच हास्यास्पद वाटले. सुकेशनीनं लॅपटॉप जरा दूर सारला. "मला माहिती असतं तर बत्तीस भाग तिला उभं ठेवलं असतं का?" "तू तिथंच बसली होतीस." "होते की. मोबाईलमधी होते." तिचा आवाज बसला, आणि त्या बसलेल्या आवाजातून पिशोर वर आलं. "कंपनीचा मेल यायचा होता त्या दिवशी. मम्मी बोलतीय एवढं कानावर पडत होतं. काय ते नाय. मला वाटलं, पप्पा हायेत ना सांगायला. त्यांचं कामच ते हाय."

राजेंद्रला पहिल्यांदा जे वाटलं ते सुटका झाल्यासारखं होतं. म्हणजे हीसुद्धा. म्हणजे वर्षभर दर रविवारी ज्या पोरीनं आपल्याला अकरा हजार लोकांपुढं उभं केलं, तिनंही ऐकलं नव्हतं. क्षणभर त्याला तिच्याबद्दल तोच जुना, उबदार तुच्छभाव वाटला, ज्याच्या आधारानं तो आयुष्यभर सरळ चालला होता. मग त्याला दिसलं की तिनं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरलेली आहे. ती कोरं पान उघडून सकाळपासून बसली होती. तिनं त्या बाईला एक घास खाऊ दिला नव्हता, बत्तीस भाग, कारण खाल्लं असतं तर ती कायमची तिथलीच झाली असती. आणि परत जाऊ द्यायचं तर वाक्य लागणार होतं. आणि ते वाक्य या घरात कुणापाशीच नव्हतं. भाबडेपणा, असं त्यानं मनात म्हणून पाहिलं. शब्द लागू पडला नाही. मग त्याला स्वतःची घृणा आली, आणि ती येताना त्याला जाणवलं की ही घृणा नवी नाही. इतकी वर्षं ती इतरांच्या नावानं येत होती.

"तुम्हाला काय आठवतं ते तरी सांगा," सुकेशनी म्हणाली. "मला पेन आठवतं," तो म्हणाला, "हिरवी शाई." "आणि तुम्ही काय सांगितलं ते?" त्यानं ते सांगितलं, जसं सांगितलं होतं तसं, इंग्रजीतून, त्या दिवशीच्या ऐटदार उच्चारांत: नथिंग मोअर, डॉक्टर. शी टॉक्स लाइक धिस ओन्ली. "मराठीत सांगा," सुकेशनी म्हणाली. "तुला इंग्रजी येतं." "येतं. तरी सांगा." एकतीस वर्षांत त्यानं हजारो वाक्यं इकडून तिकडं नेली होती; या सात-आठ शब्दांना त्याला वेळ लागला. "आणखी काही नाही, डॉक्टर," तो म्हणाला. "ती आपली अशीच बोलत असते." मग त्यानं काहीच न विचारता पुढंही सांगितलं, की आपण हसलो, आणि डॉक्टर हसला नाही. डॉक्टरनं दुसऱ्यांदा विचारलं होतं, आर यू शुअर, आणि आपण हो म्हणालो. हे शेवटचं त्यानं स्वतःलाही आजवर सांगितलेलं नव्हतं.

सुकेशनी रडली नाही. तिनं विचारलं, "आणि नंतर? मी तर परस्पर शेंद्र्याला गेले. तुम्ही दोघं रिक्षानं आलात." "आलो," तो म्हणाला. "काही बोलली नाही ती." आणि असं म्हणताना त्याला ऐकू आलं की आपण पुन्हा तेच करतोय. तो थांबला. क्रांती चौकाचा सिग्नल त्याच्या डोळ्यांपुढं आला, रिक्षा उभी, बाजूला उसाची गाडी, चरकाची घुंगरं वाजतायत, संध्याच्या मांडीवर फाइल, फाइलवर तिचे दोन्ही हात. "बोलली," तो म्हणाला. "विचारलं तिनं मला. मी म्हणले ते समदं सांगितलं का त्यायला, असं विचारलं." "मग?" "मी तिची नक्कल केली." पाहुण्यांपुढं, भावकीच्या लग्नांत, ही नक्कल तो कित्येकदा करायचा. संध्या पदर तोंडाला लावून हसायची, आणि लोक म्हणायचे, डोळे मिटले तर वहिनीच. "व्हय बाई, समदं सांगितलं, असं म्हणालो, तिच्यासारखं." "मग ती काय म्हणाली?" सुकेशनीनं विचारलं. राजेंद्रला ते आठवत होतं. दोनच शब्द होते, आणि ते म्हणताना संध्यानं फाइलवरचे हात सैल सोडले होते, मान मागं टेकवली होती, काम झाल्यावर माणूस टेकवतो तशी. ते मराठीत सांगायचं की तिच्या बोलीत, असा प्रश्न त्याला पडला नाही. त्यानं डोळे मिटले, घसा मोकळा केला, आणि आपली सगळी कारागिरी पणाला लावून, एकही स्वर इकडचा तिकडं होऊ न देता, तिच्या आवाजात म्हणाला, "मंग बरं."

सुकेशनीनं झटकन स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं.